‘घर आपलेच समजावे’: डिचोलीतलं एक बंद घर आणि बारा वर्षांचं गणित

हे प्रकरण माझ्या वकिलीतलं आहे. गावाचं नाव सांगत नाही. डिचोली तालुक्यातलं, एवढंच. माणसांची नावं टाळली आहेत, नाती आणि आकडे थोडे हलवले आहेत. कायदा आहे तसा ठेवला आहे. बंद पडलेलं घर, त्यात वर्षानुवर्षं राहणारा माणूस आणि ‘बारा वर्षं झाली की घर तुझं’ असं सांगणारा एजंट हे तिघे हल्ली गोव्यात कुठेही एकत्र सापडतात, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

पार्श्वभूमी

घर शंभर वर्षांचं तरी असेल. मधोमध राजांगण, त्यात तुळस, चारी बाजूंनी वसरी, मागे स्वयंपाकघर आणि त्याला लागून लांबलचक पडवी. भोवती भाट: माड, दोन फणस, काजूची चार झाडं. हे सगळं ज्या कुटुंबाचं, ते १९५० च्या दशकातच मुंबईला गेलं. बिऱ्हाड गिरगावात, देव गावात. वर्षातून एकदा चवथीला सगळे यायचे, गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधायची, दीड दिवसाचा गणपती पोचवायचा आणि परत जायचं. एक-चौदाच्या उताऱ्यावर, म्हणजे गोव्याच्या सातबाऱ्यावर, कब्जेदार म्हणून आजही आजोबांचं नाव आहे. सर्व्हे झाला तेव्हा ते हयात होते. १९७८ मध्ये वारले. त्यानंतर त्या रकान्याला कोणी हात लावलेला नाही.

आजी गावीच होती. ती १९९६ मध्ये गेली आणि घराला पहिल्यांदा कुलूप लागलं. थोरल्या मुलाने, त्यांना मी दादा म्हणेन, किल्ली शेजारच्या सुताराकडे दिली. आमच्याकडे सुताराला मेस्त म्हणतात, इथेही तेच म्हणते. संध्याकाळी देवघरात दिवा लावायचा, पावसाआधी कौलं परतायची, नारळ पाडून निम्मे पैसे मनीऑर्डरने गिरगावला पाठवायचे, असं तोंडी ठरलं.

२००१ च्या जूनमध्ये मेस्तांच्या मातीच्या घराची भिंत पडली. त्यांनी दादांना पत्र टाकलं, उत्तर आलं, आणि बायको-मुलाला घेऊन ते मोठ्या घराच्या मागच्या पडवीत राहायला आले. दादा शेवटचे आले ते २००८ च्या चवथीला. पुढच्या वर्षी ते गेले. त्यानंतर पाठवलेली मनीऑर्डर परत आली, तेव्हापासून मेस्तांनी पैसे पाठवणं थांबवलं. २०११ मध्ये माजघरावरचं छप्पर बसलं. मेस्तांनी पदरचे पैसे घालून वासे, रिपा, कौलं बदलली. हिशेब मुलाच्या शाळेच्या चौकटीच्या वहीत आहे: १,८०,००० रुपये. त्यात स्वतःची मजुरी लिहिलेली नाही. विचारलं तर म्हणाले, “घरच्याच कामाची मजुरी कोण लिहितो?”

अडचण

मेस्तांचा मुलगा खाणीवर ट्रक चालवायचा. कर्ज काढून स्वतःचा ट्रक घेतला आणि २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या. मध्ये थोड्या चालू झाल्या, मग २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्टे रद्द केले आणि ट्रक अंगणात उभा राहिला. या तालुक्यात अशी अंगणं पुष्कळ आहेत. एजंट कोणाकडे जातो हे समजायला ते अंगण बघावं लागतं, म्हणून हे सांगितलं.

२०२२ च्या अखेरीस एजंट आला. बाहेरची पार्टी आहे, राजांगणाचं घर हवं आहे, पंचवीस लाख मेस्तांना. मालकी? “बारा वर्षं झाली ना? दावा घाला, डिक्री घ्या, पुढचं आम्ही बघतो.” फोनवर त्याने सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालाची बातमी दाखवली. निकाल खरा होता. जाता जाता तो आणखी एक वाक्य बोलला: “लागलाच तर जुना पोर्तुगीज कागदही काढून देतो.”

त्याच वर्षी बनावट दस्तांवरून जमिनी बळकावल्याच्या तक्रारींसाठी सरकारने विशेष तपास पथक नेमलं होतं आणि निवृत्त न्यायमूर्ती व्ही. के. जाधव यांचा एकसदस्यीय आयोगही. मेलेल्या आणि परदेशी गेलेल्या मालकांच्या मिळकती हेच त्यातलं सावज होतं. मेस्त हे सगळं पेपरात वाचत होते. म्हणूनच ते एजंटाच्या वकिलाकडे न जाता २०२३ च्या जानेवारीत माझ्याकडे आले. सोबत बायको, मुलगा आणि बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा.

बारा वर्षांचं गणित

एजंट जे बोलला त्यातलं अर्धं बरोबर होतं. अर्ध्या बरोबर सल्ल्याची पंचाईत ही की तो खोडून काढायला दुप्पट वेळ लागतो.

१९६३ च्या मुदत कायद्यातल्या ६५ व्या अनुच्छेदाप्रमाणे खाजगी मालकाने आपल्या मिळकतीचा ताबा परत मागण्याचा दावा बारा वर्षांत घालावा लागतो. सरकारी जमिनीला ही मुदत तीस वर्षं. मुदत टळली की कलम २७ नुसार दावा बुडतोच, शिवाय मालकाचा हक्कही संपतो. यालाच ॲडव्हर्स पझेशन, प्रतिकूल कब्जा म्हणतात. कब्जेदार याचा वापर फक्त बचावासाठी करू शकतो, स्वतः दावा घालू शकत नाही, असं २०१४ च्या एका निकालात म्हटलं होतं. ७ ऑगस्ट २०१९ ला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ते बदललं. एजंटाच्या फोनवर होता तो हाच निकाल. गोव्यात पोर्तुगीज संहितेच्या वेगळ्या मुदती लागू नाहीत का, असं अजून काही जुने लोक विचारतात. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो प्रश्न मिटवला: मुदत कायदा इथेही तोच.

पण घड्याळ सुरू कधी होतं? ६५ वा अनुच्छेद सांगतो: कब्जा मालकाविरुद्ध ‘प्रतिकूल’ झाला त्या दिवसापासून. राहायला आलात त्या दिवसापासून असं कुठे लिहिलेलं नाही. मारामारी न करता, उघडपणे, अखंड, आणि मालकाचा हक्क नाकारून राहावं लागतं. त्या नकाराची तारीखही सांगता यावी लागते. मालकाने ‘राहा’ म्हटलं म्हणून राहिलेल्याचं घड्याळ चालूच होत नाही, मग ती बारा वर्षं असोत की बावीस. याचा स्पष्ट निकालही गोव्यातल्याच घराचा आहे. बहीण-भावाच्या वादात २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की राखणदार, नोकर किंवा फुकट राहू दिलेला माणूस कितीही दशकं राहिला तरी त्याला घरात हक्क मिळत नाही.

मला यात एक गोष्ट पहिल्यापासून खटकते. कुलूप फोडून घरात शिरलेल्या आणि ‘घर माझं’ म्हणून बारा वर्षं गावभर सांगत राहिलेल्या माणसाला हा कायदा घर देऊ शकतो. ज्याच्या हातात किल्ली दिली, ज्याने दिवा लावला, कौलं परतली, त्याला काहीच नाही. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच या कायद्याला अतार्किक आणि बेहिशेबी म्हटलं होतं आणि सरकारला फेरविचार करायला सांगितलं होतं. विधी आयोगाने २०२३ च्या अहवालात मात्र बदलाची गरज नाही असं मत दिलं. दोन्ही बाजूंना मुद्दे आहेत. बारा वर्षं मागे वळून न पाहणाऱ्या मालकाबद्दल मला फार कळवळा नाही. पण या मालकांनी घर टाकलं होतं का, की फक्त कागद करायचे राहिले होते? गोव्यातली बरीचशी ‘बेवारशी’ घरं बेवारशी नसतात. त्यांना वारस फार असतात, हीच त्यांची अडचण असते.

डब्यातलं पत्र

डब्यात पंचायतीच्या घरपट्टीच्या पावत्या होत्या, वर्षवार, रबर लावून. मी एकेक बाहेर काढली. प्रत्येक पावती आजोबांच्या नावाची, आणि खाली ‘हस्ते’ म्हणून मेस्तांचं नाव. म्हणजे घर आजोबांचंच, मी फक्त पैसे भरणारा, असं मेस्तांनी स्वतःच दरवर्षी लिहून दिलं होतं. तसंही घरपट्टीने किंवा लाईट बिलाने मालकी मिळत नाही. इथे तर पावत्या उलट्या बाजूने बोलत होत्या.

तळाशी निळं अंतर्देशीय पत्र होतं. २००१ च्या जूनचा गिरगावचा शिक्का. दादांचं अक्षर तिरकं, शाईच्या पेनाचं:

“पत्र पोचले. भिंत पडल्याचे वाचून वाईट वाटले. पाऊस सरेपर्यंत मागील पडवीत राहण्यास आमची काही हरकत नाही. देवघरातील दिवा चुकवू नये. चवथीस येतोच. घर आपलेच समजावे.”

मुलाने शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. “हे बघा, त्यांनीच लिहून दिलंय.”

पाहुण्याला आपण चहा देतानाही हेच म्हणतो. त्या ओळीने घर जात नाही. पण तिच्या वरची ओळ, ‘राहण्यास हरकत नाही’, ही परवानगी आहे, आणि तिच्यामुळे एजंटाचं सगळं गणित मोडत होतं.

इथे पहिला निर्णय आला. मुलाने विचारलं, पत्र नसतंच तर? हळू आवाजात, पण विचारलं. दादा २००९ मध्ये गेले, तिथे परवानगी संपली, पुढची बारा वर्षं २०२१ ला भरली, असा युक्तिवाद कागदावर मांडता येतो, हेही मी त्याला सांगितलं, कारण ते खरं आहे. मात्र परवानगी देणारा गेला म्हणून राहणाऱ्याने मालकी नाकारली असं आपोआप होत नाही. त्यासाठी काहीतरी उघड करावं लागतं, आणि या माणसाने तर आजोबांच्या नावाने घरपट्टी भरली होती. वर, ‘२००१ पासून मालक म्हणून राहतो’ हे वाक्य प्रतिज्ञापत्रावर जाणार. ते खोटं आहे हे मला कळल्यावर तो दावा मी लिहू शकत नाही, दुसरा वकील बघा, असं मी म्हणाले. आणि एक गोष्ट दुसऱ्या बाजूने: पत्र मेस्तांचं आहे, त्यांच्या संमतीशिवाय मी ते मुंबईकरांनाही दाखवणार नाही.

कोणी काही बोललं नाही. मग मेस्तीण बाईंनी पत्र उचललं, घडी घातली आणि परत डब्यात ठेवलं. “जाळून काय होणार? दिवा कोणाचा होता ते गावाला ठाऊक आहे.”

कोणते रस्ते होते

दाव्याचा रस्ता असा बंद झाला. दुसरा, काहीच न करता बसून राहणं. मुंबईकर आले तर बघू. मेस्तांचा कल तिकडे होता. पण वारसांपैकी एकाने जरी आपला हिस्सा त्याच पार्टीला विकला असता, तर मेस्तांच्या दारात उद्या अनोळखी माणसं उभी राहिली असती.

मेस्तांनी स्वतः तिसरं विचारलं: “मयेवाल्यांना मिळालं, आम्हाला का नाही?” मये हे बाजूचंच गाव, प्रश्न रास्त होता. पण मयेची जमीन मुक्तीनंतर निघून गेलेल्या मालकाची, १९६४ च्या कायद्याने कस्टोडियनकडे, म्हणजे सरकारी राखणदाराकडे गेलेली, आणि ती तिथल्या रहिवाशांना देण्यासाठी २०१४ मध्ये वेगळा कायदा करावा लागला. आमचे मालक पोर्तुगालला गेले नव्हते. गिरगावला गेले होते.

चौथा रस्ता मुंडकारपणाचा. भाटकाराच्या, म्हणजे भाटाच्या मालकाच्या, जमिनीत त्याच्या संमतीने पक्कं बिऱ्हाड करून राहणाऱ्याला १९७५ च्या मुंडकार कायद्याने संरक्षण आहे. घर आणि भोवतालची जागा, पंचायत हद्दीत ३०० चौरस मीटरपर्यंत आणि पालिका हद्दीत २००, विकत घेण्याचा हक्कही आहे. मात्र तो १२ मार्च १९७६ च्या आधी निदान वर्षभर तिथे राहत असला पाहिजे. मेस्त पडवीत आले २००१ ला. शिवाय दुसऱ्याच्या घरात ते राखण्यासाठी राहणाऱ्याला कायद्याने मुंडकाराच्या व्याख्येतून नाव घेऊन वगळलं आहे. मी हा रस्ता पाच मिनिटांत खोडला.

तिथे मी चुकले. पंधरा दिवसांनी मेस्तीण बाई दुसऱ्याच कामाला आल्या होत्या. बोलता बोलता म्हणाल्या, “आमचं घर पडलं नसतं तर हे काहीच झालं नसतं. सासूबाई लग्न होऊन आल्या त्याच घरात.” मी विचारलं, ते घर कोणाच्या जमिनीत? “भाटातच की. विहिरीकडच्या माडाखाली. जोतं आहे अजून, त्यावर आम्ही लाकडं रचतो.”

ज्या घरावर सगळ्यांचे डोळे होते त्यात मेस्तांचा हक्क नव्हता, आणि ज्याच्यावर लाकडं रचली होती त्यात बहुधा होता. संमती हीच गोष्ट मोठ्या घरात त्यांचा दावा मारत होती. पडक्या जोत्यावर तीच संमती त्यांच्या दाव्याचा पाया होती, कारण भाटकाराने बसवलं नसेल तर मुंडकार होतच नाही. दोन्ही गोष्टी एकाच माणसाने कोर्टात सांगणं तर जमलंच नसतं. एजंटाचं ऐकून ‘मी यांना मालक मानतच नाही’ असं एकदा प्रतिज्ञेवर सांगितलं असतं, की बापाचा मुंडकारपणा त्याच दिवशी हातचा गेला असता.

सर्व्हेचा नकाशा काढला. मोठं घर ठळक, आणि विहिरीच्या खुणेजवळ नखाएवढा चौकोन. तो चौकोन म्हणजे मेस्तांच्या वडिलांचं घर. सोबत मेस्तांच्या थोरल्या बहिणीचा शाळेचा दाखला आणि १९७० च्या दशकातल्या मतदारयादीची प्रत मिळाली. विरुद्ध बाजू काय म्हणणार हेही दिसत होतं: घर पडलं, बावीस वर्षं बांधलं नाही, म्हणजे हक्क सोडला. आमचं म्हणणं असं की जोतं जागेवर आहे, आणि माणूस दुसरीकडे गेला तो भाटकारानेच आसरा दिला म्हणून. इथे दादांचं पत्र आमच्या कामाला आलं.

आम्ही काय केलं

फेब्रुवारी २०२३ मध्ये मी गिरगावच्या जुन्या पत्त्यावर नोटीस पाठवली. आज वाचताना लाज वाटते. ‘माझे अशील आपल्या निदर्शनास आणू इच्छितात की’ पासून ‘अन्यथा योग्य ती कायदेशीर कारवाई’ पर्यंत सगळं साच्यातलं. मुंडकार नोंदणीला संमती द्या, छपराचा खर्च द्या. ती नोटीस एका पुतण्याच्या हाती पडली, त्याने फोटो काढून मस्कतच्या चुलतभावाला पाठवला, आणि मस्कतला त्यातून एकच अर्थ लागला: सुताराने घर बळकावलं.

मार्चमध्ये त्यांच्या वकिलाचं उत्तर आलं आणि पाठोपाठ गृहअतिक्रमणाची पोलीस तक्रार. पोलिसांनी दोघांना बोलावलं, कागद पाहिले, दिवाणी बाब म्हणून सांगितलं. मेस्त तिथे हात बांधून उभे होते. पन्नाशी उलटलेला माणूस, आयुष्यात पहिल्यांदा पोलीस स्टेशनात. मुलाला त्याचा आलेला राग अजून गेलेला नाही, आणि तो माझ्यावरही आहे. मे महिन्यात मस्कतवाल्याने निरोप पाठवला की माणसं आणून सामान बाहेर टाकतो. मी त्यांच्या वकिलाला फोन करून विशिष्ट अनुतोष कायद्याच्या ६ व्या कलमाची आठवण दिली: कोर्टाची वाट न बघता बाहेर काढलेला माणूस, त्याची मालकी असो वा नसो, सहा महिन्यांत दावा घालून ताबा परत मिळवू शकतो. वकील समजूतदार होते. माणसं आली नाहीत.

गाठ सुटली ती वेगळ्याच वाटेने. देवस्थानच्या महाजनांच्या, म्हणजे वंशपरंपरागत सभासदांच्या, यादीत दादांच्या मुलीचा पत्ता मिळाला: डोंबिवली. निवृत्त शिक्षिका, कुटुंबातल्या सगळ्यांच्या आत्या. या वेळी नोटीस नाही. मेस्तांना विचारून मी फोन केला आणि पत्राबद्दल सांगितलं. त्या जरा थांबल्या आणि म्हणाल्या, “वाचून दाखवा.” ‘घर आपलेच समजावे’ ऐकल्यावर हसल्या. “बाबा दूधवाल्यालाही असंच लिहायचे.”

१९ सप्टेंबर २०२३ च्या चवथीला आत्या आणि आणखी दोघे गावी आले. पंधरा वर्षांनी घरात गणपती बसला. माटोळीची चौकट मेस्तांनी नवी करून ठेवली होती. आत्या देवघरात गेल्या. दिव्याच्या कोनाड्यावर भिंतीला काजळीचा लांब पट्टा आहे, छतापर्यंत गेलेला. त्यांनी बोट लावून पाहिलं आणि बोट पदराला पुसलं. काही बोलल्या नाहीत. पण दुपारी वसरीवर बसल्यावर बोलणी मेस्तांच्या बिऱ्हाडापासून सुरू झाली. मस्कत फोनवर होतं.

वारस निघाले नऊ. गोव्याच्या दिवाणी संहितेत नवरा-बायकोच्या समाईक मालकीची पद्धत, त्यामुळे सोबत्यांच्या सह्याही हव्यात. मोजल्या तर सोळा. २०१२ च्या गोवा वारसा कायद्याखाली आधी वारसनोंदीचा दस्त करायचा, मग मेस्तांच्या बाबतीत संमती द्यायची, असा क्रम ठरला. मस्कतवाल्याचं म्हणणं होतं की घर विकून मोकळं व्हावं. त्याचं चूक होतं असं मी म्हणणार नाही. ज्या घरात तो लहानपणी चार वेळा आला, त्याच्या कौलांसाठी त्याने जन्मभर पैसे का घालावेत? त्याला शेवटी पटलं ते वेगळ्या कारणाने: वाद असलेल्या घराला गिऱ्हाईक येतं ते पडत्या भावाचंच.

निष्पन्न काय झालं

वारसनोंदीचा दस्त २०२४ मध्ये झाला. विहिरीकडच्या जोत्यासाठी मेस्तांनी मामलेदारांकडे अर्ज केला, वारसांनी हरकत घेतली नाही, २४० चौरस मीटर जागा त्यांच्या नावे व्हायचा आदेश झाला. मोठ्या घराबद्दल वेगळा करार नोंदवला: मेस्त पडवीत परवानगीने राहतात, मालकी सांगत नाहीत, नवं घर होईपर्यंत आणि जास्तीत जास्त दोन वर्षं राहतील. दिवा आणि किल्ली मात्र पुढेही त्यांच्याकडे. ही अट आत्यांनी घालून घेतली. छपराचे १,८०,००० मागितले होते, १,२०,००० वर तडजोड झाली. वारसांचे हिस्से सारखे नाहीत, पण हा खर्च नऊ जणांत सारखा वाटायचा असं ठरलं.

एजंटाने दोनदा फोन केला, मग केला नाही. पलीकडच्या गावात त्याला दुसरं घर मिळाल्याचं ऐकलं. मेस्तांच्या मुलाच्या मते पंचवीस लाख हातचे गेले. तो असा विचार करतो याचं मला नवल वाटत नाही. ट्रकचे हप्ते मी भरत नाही.

पुन्हा करायचं झालं तर

नोटीस पाठवणार नाही. आधी फोन, तोही बाईमाणसाला, कारण घरातली कोण कुठे आहे हे त्यांनाच ठाऊक असतं. पाच महिने आणि पोलीस स्टेशनची ती फेरी वाचली असती.

अशिलाला पहिला प्रश्न ‘इथे कधीपासून राहता’ हा विचारणार नाही. ‘याच्या आधी कुठे राहत होता’ हा विचारेन, आणि उत्तर बायकोकडूनही घेईन. मी एजंटाच्याच प्रश्नाचं उत्तर शोधत बसले होते.

मुंबईकरांनी १९७८ नंतर कधीही इन्व्हेंटरी, म्हणजे कोर्टातून वारस आणि वाटणी ठरवण्याचं काम, उरकली असती तर तीन मुलं आणि त्यांचे सोबती एवढ्यांच्या सह्यांत काम झालं असतं. किल्ली देताना दोन ओळींचं पत्र, वर्षाला शंभर रुपये का होईना पण पावती, आणि पाच वर्षांनी एकदा नूतनीकरण एवढं केलं असतं, तर मालकांचा हक्क शाबूत राहिला असता आणि मेस्तांवर घर बळकावल्याचा आळ आला नसता. छपराला हात लावण्यापूर्वी मेस्तांनीही एक कार्ड टाकायला हवं होतं. खर्च मान्य करून घेताना सगळ्यात जास्त भांडण त्याच वहीवर झालं.

एक गोष्ट मला अजून नीट लागत नाही. पत्र हरवलेलं असतं, मेस्तांना खरोखरच आठवत नसतं, आणि पावत्या त्यांच्याच नावाच्या असत्या, तर मी तो दावा घातला असता का? कायद्याने घालता आला असता. बहुधा घातलाही असता.

जोत्यावर आता भिंती खिडकीपर्यंत आल्या आहेत. खिडक्यांच्या चौकटी मेस्तांनी भाटातल्याच फणसाच्या केल्या, आत्यांना विचारून. १,२०,००० पैकी आठ जणांचे पैसे आले. मस्कतच्या वाट्याचे १३,३३३ रुपये अजून यायचे आहेत. मेस्तांनी ते वहीत शेवटच्या पानावर लिहून ठेवले आहेत.